उशीर किलोत मोजावा लागला तेव्हा : जळगावच्या एका दुपारच्या उड्डाणाचं प्रकरण

मे महिन्यातली दुपार, जळगाव विमानतळ, ६६ प्रवाशांचं बुकिंग असलेलं एटीआर विमान आणि उड्डाणासाठी सुमारे आठशे किलो जास्तीचं वजन. या एका प्रसंगाची ही मांडणी. विमान कंपनी, मार्ग आणि तारीख मुद्दाम दिलेली नाही, आणि माणसांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदलले आहेत. मी ग्राउंड स्टाफला वजन आणि संतुलन हा विषय शिकवतो. त्या दिवशी मी तिथं नव्हतो. लोडशीट (विमानात कुठं किती वजन आहे याचा कागद), दिवसभरातले संदेश, ड्यूटीवरचे कर्मचारी आणि काही प्रवासी यांच्याकडून जे कळलं त्यावरून हे लिहिलंय. वर्गात हे प्रकरण काढलं की नवी मुलं लगेच विचारतात, "सर, चूक कोणाची?" मी त्यांना आधी घड्याळ मांडायला लावतो. कोणाला काय किती वाजता ठाऊक होतं, ते लिहा म्हणतो.

पार्श्वभूमी

जळगावचं विमानतळ कुसुंब्याजवळ, अजिंठा रस्त्याच्या अंगाला आहे. मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, पण 'उडान' योजनेतलं प्रवासी विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडलं. आधी १९ आसनी विमानानं मुंबई जोडली गेली, २०१९ पासून सत्तरेक आसनांची एटीआर येऊ लागली. मधे सेवा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. चोपडा, अमळनेर, रावेर, धुळे, शिवाय पलीकडून बऱ्हाणपूर इथल्या लोकांना हे विमानतळ सोयीचं. एरवी भुसावळला जाऊन रात्रीची गाडी धरणं हाच रिवाज.

धावपट्टी सुमारे १,७५० मीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी साधारण याच्या दुप्पट आहे. एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान अशाच छोट्या धावपट्ट्यांसाठी बनवलेलं, त्यामुळे एरवी काही अडत नाही. त्याच्या दोन-तीन गोष्टी मात्र पुढचं समजायला माहीत हव्यात. प्रवासी मागच्या दारानं चढतात आणि बॅगांचा मुख्य कप्पा पुढं, कॉकपिटच्या लगेच मागे असतो. म्हणून चढ-उतार चालू असताना विमान मागे बसू नये यासाठी शेपटीखाली एक टेकू लावतात. दुसरं, जमिनीवर वीज आणि थंड हवा देणारं वेगळं छोटं इंजिन, जे मोठ्या जेट विमानांच्या शेपटीत असतं, ते एटीआरला नसतं. त्याऐवजी उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकनं धरून ठेवतात. याला 'हॉटेल मोड' म्हणतात. नाव छान आहे, पण ४४ अंशांत त्या हवेनं केबिन थंड होत नाही.

राहिली हवा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४४-४५ च्या घरात जाणं आपल्याला नवं नाही. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, पंख्यालाही ओढायला हवा कमी सापडते. म्हणजे विमानाला जास्त वेग लागतो आणि तो वेग घ्यायला जास्त धावपट्टी. उंचीच्या भाषेत सांगायचं तर, जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे-अडीचशे मीटरवर असलं तरी ४४ अंशांच्या दुपारी तिथल्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान हवेच्या हिशेबानं महाबळेश्वरात उभं असतं. थंडावा तेवढा नसतो.

घटनाक्रम

वेळापत्रकाप्रमाणे विमान सकाळी १०.१० ला उतरून १०.४० ला परत निघणार होतं. सकाळी तळावर, म्हणजे कंपनीची विमानं रात्री मुक्कामी असतात त्या मोठ्या शहरात, पाहणीत एका टायरवर खोल काप दिसला. चाक बदलायचं ठरलं, सुटं चाक यायला उशीर झाला. ८.४० ला जळगावच्या स्टेशनला, म्हणजे कंपनीच्या तिथल्या विमानतळावरच्या कार्यालयाला, संदेश आला : विमान आता दुपारी पावणेदोनच्या सुमारास पोहोचेल.

हा ८.४० चा संदेश लक्षात ठेवा.

प्रवाशांना एसएमएस गेले. निम्मे लोक तोवर घरातून निघालेच होते. अमळनेरहून एक वऱ्हाड आलं होतं, मुलीकडचं, सोळा माणसं. लग्न दुसऱ्या दिवशी तिकडच्या शहरात. सोबत रुखवताचे चार मोठे खोके. बिबड्या, पापड, सांडगे, करंज्या आणि मुलीच्या मावशीनं विणलेली तोरणं. याशिवाय केळीचे एक-दोन व्यापारी, शिकायला असलेली मुलं, मुलाकडे निघालेलं एक वयस्क जोडपं. पुढचं आंतरराष्ट्रीय विमान धरायचं असलेले दोघं होते. दोन तासांपेक्षा जास्त उशीर म्हणून नियमाप्रमाणे खाणं-पाणी दिलं गेलं. सहा तासांच्या वर उशीर असता तर पैसे परत घेऊन मोकळं होण्याचा किंवा दुसरं विमान मागण्याचा हक्क मिळाला असता. इथं तेवढा उशीर होत नव्हता, त्यामुळे लोक थांबून राहिले.

विमान १.५० ला उतरलं. वेळ भरून काढायची म्हणून स्टेशननं २.२० ला बोर्डिंग सुरू केलं. तेवढ्यात कॉकपिटमध्ये वैमानिकांनी टॉवरनं दिलेल्या ४४ अंशांवर उड्डाणाचा हिशेब केला आणि आकडा बसेना. वीस-बावीस माणसं आत बसलेली असताना बोर्डिंग थांबलं.

अडचण नेमकी कुठं होती

प्रत्येक धावपट्टीसाठी, प्रत्येक विमानप्रकाराचा एक तक्ता असतो. किती अंश तापमान, वारा कसा, यावरून जास्तीत जास्त किती वजन घेऊन उडता येईल ते त्यात असतं. त्या तक्त्यात चाळिशीच्या आसपास प्रत्येक अंशाला सव्वाशे-दीडशे किलोची घट दिसत होती. सकाळी साडेदहाला, ३७ अंशांत, हेच विमान याच माणसांसह जेमतेम बसलं असतं. ४४ ला हजारेक किलो जास्त भरत होते.

प्रवाशांना इथं राग येतो. "वीस टनांचं विमान, त्याला हजार किलोनं काय होतंय?" असं एकानं विचारलंही. दोन्ही इंजिनं चालू असताना बहुधा काहीच होणार नाही. तो तक्ता मात्र दोन्ही चालतील असं धरून बनवलेला नसतो. धावताना एका ठरावीक वेगाला एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या धावपट्टीत थांबता आलं पाहिजे, किंवा एकाच इंजिनावर ठरलेल्या चढानं वर जाता आलं पाहिजे, या हिशेबावर तो उभा असतो. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा फायदासुद्धा निम्माच धरतात आणि मागून येणारा वारा दीडपट धरतात. त्यात मधला रस्ता नाही, आणि कोणत्याही कॅप्टननं तो काढू नये.

कॅप्टननं हाताशी असलेला उपाय आधीच वापरला होता. उड्डाणाच्या वेळी इंजिनातून केबिनसाठी घेतली जाणारी हवा बंद ठेवली की तेवढी ताकद पंख्याला मिळते. त्यातून दोनेकशे किलोंची सोय झाली. तरी आठशे राहिले.

आता ते आठशे किलो आले कुठून? प्रवासी वाढले नव्हते, बॅगाही नाहीत. लोडशीट आणि सकाळचा इंधनाचा कागद शेजारी ठेवल्यावर कळतं. विमान जळगावहून परतल्यावर तळावर जेमतेम पंचवीस मिनिटं थांबून पुढच्या एका छोट्या फेरीला जाणार होतं. तिथं पुन्हा इंधन भरण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्या फेरीचंही इंधन सकाळीच भरून घेतलं होतं. परतीला राखीव धरून जेवढं लागतं त्यापेक्षा सहाशे किलो जास्त. थंड सकाळी हे शहाणपणाचं होतं, कोणाचं काही बिघडलं नसतं. चाक बदलायला विमान थांबलं तेव्हा डिस्पॅचनं, म्हणजे उड्डाणाची आखणी करणाऱ्या विभागानं, नव्या वेळेचा फ्लाइट प्लॅन काढला, पण वजनाच्या हिशेबात सकाळचं तापमान तसंच राहिलं. टाकीतल्या त्या सहाशे किलोंकडे कोणी पाहिलं नाही. साडेतीन तासांचा उशीर प्रत्येक कागदावर तास-मिनिटांत चढला, किलोत एकाही कागदावर नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, थांबायचं. ऊन उतरेल, हवा जड होईल. पण मे महिन्यात पावणेपाचलाही इथं पारा फार खाली येत नाही आणि वैमानिकांच्या ड्यूटीची मर्यादा पाहता त्यानंतर निघणं शक्य नव्हतं. ड्यूटी संपली की विमान रात्रभर जळगावात, आणि तळावरचे पुढचे प्रवासीही लटकलेले.

दुसरा, इंधन काढून घ्यायचं. कागदावर हाच सर्वांत सरळ उपाय. प्रत्यक्षात त्याला इंधन परत घेणारा टँकर, रिकामी टाकी, प्रशिक्षित माणूस आणि नोंदींची साखळी लागते. त्या दिवशी तिथं ती सोय नव्हती. कोणीतरी गमतीनं सुचवलं, इंजिन चालू ठेवून जाळून टाका. हॉटेल मोडमध्ये तेवढं जळायला संध्याकाळ झाली असती.

तिसरा, सगळ्या बॅगा मागे ठेवायच्या. ६६ जणांच्या मिळून साडेआठशे किलोंच्या आसपास, म्हणजे हिशेब जवळजवळ तंतोतंत. माणसं सगळी जातील, बॅगा उद्या. मुख्यालयाचा कल याकडे होता, कारण माणूस मागे ठेवला की भरपाई आणि बॅग मागे ठेवली की फक्त माफीचा संदेश, असा तिथला रोकडा विचार. स्टेशनच्या ड्यूटी ऑफिसरनं यावर दोन आक्षेप घेतले. एक तांत्रिक : बॅगा पुढच्या कप्प्यात असतात. तो पूर्ण रिकामा केला की विमानाचा तोल मागे सरकतो. तो मर्यादेत आणायला माणसं पुढच्या रांगांत हलवावी लागतील, पण ६६ माणसांत हलवायला मोकळ्या जागा चारच. दुसरा माणसांचा : औषधं कोणाच्या बॅगेत आहेत, उद्याच्या लग्नाचे कपडे कोणाच्या, हे विचारल्याशिवाय सरसकट सगळ्या बॅगा काढणं तिला पटत नव्हतं.

चौथा, नऊ माणसं बॅगांसह मागे ठेवायची. भारतात प्रौढ प्रवाशाचं वजन हातातल्या सामानासह ७५ किलो धरायची पद्धत आहे. बॅगेचे बारा-तेरा धरले की माणशी अठ्ठ्याऐंशी. नऊ जणांचे सातशे नव्वद, राहिलेले दहा किलो इकडेतिकडे. नियमानुसार आधी स्वेच्छेनं थांबणारे विचारायचे, कोणी मिळालं नाही तरच सक्ती. सक्तीनं थांबवलं आणि चोवीस तासांच्या आत दुसरं विमान दिलं, तर मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. चोवीस तासांच्या पुढं गेलं तर चौपट, कमाल २०,०००. खरं पाहता तो नियम जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली या परिस्थितीसाठी लिहिलेला आहे. उष्म्यामुळे वजन कमी करावं लागलं तर तो लागू होतो की नाही यावर वाद घालता येतो. स्टेशननं वाद न घालता तो लागू आहे असंच धरून चालायचं ठरवलं. माझ्या मते त्या दिवसातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

काय केलं

पहिला निर्णय, आत बसलेल्यांना खाली उतरवायचं. यात पंधरा मिनिटं गेली. तोवर केबिनमध्ये माणसं पुठ्ठ्याच्या सूचनापत्रांनी वारा घेत होती. वयस्क जोडप्यातल्या आजींना भोवळ आली. त्यांना टर्मिनलमध्ये आणून पाणी, ओआरएस दिलं, त्या सावरल्या.

मग घोषणा झाली. इंग्रजी-हिंदीत, छापील : 'ऑपरेशनल कारणामुळे' काही प्रवाशांनी स्वेच्छेनं उद्याच्या विमानानं जावं. एकही माणूस उठला नाही. का उठेल? त्यात कारणही नव्हतं आणि काय मिळणार तेही नव्हतं. ते सांगता येत नव्हतं, कारण थांबणाऱ्याला काय द्यायचं हे ठरवायचा अधिकार स्टेशनकडे नव्हता. मुख्यालयाला फोन, तिथून दुसऱ्या विभागाला फोन, यात जवळजवळ पंचवीस मिनिटं गेली. शेवटी मंजुरी आली : उद्याची जागा, रात्रीची सोय आणि रोख रक्कम, किंवा पूर्ण परतावा.

मधल्या वेळात ड्यूटी ऑफिसर काउंटरच्या पुढं येऊन लोकांत उभी राहिली. ती धुळ्याची. माइक बाजूला ठेवून तिनं साध्या मराठीत सांगितलं की ऊन वाढलंय, या उन्हात विमानाला एवढं ओझं उचलत नाही, सकाळी निघालं असतं तर निघालं असतं, आता आठशे किलो कमी करायचे आहेत. वऱ्हाडातल्या मामांनी विचारलं, "म्हंजे ऊन उतरनं का मंग इमान उडी?" ती म्हणाली, "हो मामा, पण तोपर्यंत पायलटची ड्यूटी संपते." सगळे हसले, आणि हसल्यावर बोलणी सुरू झाली.

चार जण पुढं आले. मामा आणि त्यांचा भाचा, रावेरकडचे एक केळीचे व्यापारी आणि सुट्टीवर निघालेला एक बँक कर्मचारी. मामांचा हिशेब पक्का होता. त्यांना उद्याचं विमान नकोच होतं, उद्याच्या विमानानं लग्न गाठता येणार नव्हतं. परतावा घेऊन ते भुसावळहून मनमाड-दौंड मार्गे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीनं रुखवताचे चारही खोके घेऊन निघणार होते. "खोका उद्या येईल म्हनता, आन नाही आला तर?" एवढंच त्यांनी विचारलं. पुढं जे झालं ते पाहता प्रश्न रास्त होता.

चार माणसं त्यांच्या सामानासह उतरली, खोके उतरले. साडेतीनशेच्या वर किलो गेले. उरलेल्या साडेचारशेसाठी बॅगा काढायच्या होत्या. आता कोणत्या? ड्यूटी ऑफिसर आणि एक सहकारी प्रत्येक प्रवाशाकडे जाऊन तीन गोष्टी विचारत गेले : बॅगेत औषधं आहेत का, पुढं दुसरं विमान धरायचंय का, उद्या सकाळपर्यंत लागेलच असं काही आहे का. आजोबांचं इन्सुलिन चेक-इन बॅगेत निघालं. भोवळ आलेल्या आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्यातच. ती बॅग उघडून औषधं हातात दिली. पुढचं आंतरराष्ट्रीय विमान धरणाऱ्या दोघांच्या बॅगा आणि लग्नाच्या कपड्यांच्या बॅगा विमानात ठेवल्या. ज्यांचं घरच तिकडं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी 'उद्या घेऊ' म्हटलं. चौतीस बॅगा उतरल्या.

तोल सांभाळायला ६२ जणांना पुढून बसवत आणलं आणि रिकाम्या आठ जागा शेवटच्या रांगांत ठेवल्या. एका माणसाला दहाव्या रांगेत खिडकी मिळाली होती, ती गेली म्हणून तो शेवटपर्यंत कुरकुरत होता. त्याचंही चुकलं असं नाही, त्यानं तिच्यासाठी वेगळे पैसे भरले होते. नवी लोडशीट आली, कॅप्टननं तापमान पुन्हा विचारून घेतलं, शेपटीखालचा टेकू काढला. विमान ३.२५ ला उडालं. पहिली काही मिनिटं केबिनची हवा बंद होती. ते आधी सांगितल्यामुळे कोणी घाबरलं नाही.

परिणाम

आंतरराष्ट्रीय विमान दोघांनाही मिळालं. मामा आणि खोके सकाळी वेळेवर पोहोचले. एका खोक्यातल्या बिबड्या मोडल्या, एवढंच.

बॅगांचं मात्र बिनसलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं सगळ्या बॅगा येतील असं प्रवाशांना ठामपणे सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी विमान अर्धा तास उशिरा आलं, पारा ३९ वर होता, विमान भरलेलं होतं. आदल्या दिवशीच्या चौतीसपैकी सत्तावीसच चढल्या. सात बॅगा तिसऱ्या दिवशी गेल्या. त्या सातांमध्ये वऱ्हाडातल्या एका काकांची बॅग होती. लग्न आटोपून गेलं, त्यांनी भाच्याच्या सदऱ्यावर दिवस काढला. ते विमानतळावर फोन करून एकच विचारत होते, "आमनं सामान कोठे शे?" आणि प्रत्येक वेळी फोन उचलणाऱ्याकडे वेगळं उत्तर होतं.

तक्रारी आल्या त्या जवळजवळ सगळ्या बॅगांच्या होत्या. उशिराबद्दल फारसं कोणी बोललं नाही. चार जण थांबले, त्यांच्यापैकी एकानंही तक्रार केली नाही. ज्यांनी तिकडं उतरल्यावर काउंटरवर बॅग न आल्याची लेखी नोंद करून तिची प्रत घेतली होती, त्यांना गरजेच्या खरेदीच्या पावत्यांवर पैसे मिळाले. ज्यांनी जळगावातच 'मागे राहिली, ठाऊक आहे' म्हणून नोंद केली नाही, त्यांची फरफट झाली. दोघांनी एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकल्यावर त्यांचं प्रकरण हललं.

कुठं वेगळं करता आलं असतं

माझ्या दृष्टीनं सगळं प्रकरण ८.४० आणि २.२० या दोन वेळांमध्ये आहे. विमान पावणेदोनला पोहोचणार हे ८.४० ला कळलं. मे महिन्यात जळगावात दोन वाजता ऊन असणार हे कळायला हवामान खात्याची गरज नाही, कुसुंब्याच्या चहावाल्यालाही विचारलं असतं तरी चाललं असतं. त्याच वेळी तळावर कोणी ४४ अंश धरून हिशेब केला असता तर सहाशे किलो जादा इंधन नजरेत आलं असतं. विमान तेव्हा तळावरच उभं होतं, चाकाची वाट बघत. इंधन काढून घेण्याची सोय तिथं होती, वेळही होता. पुढची छोटी फेरी तर उशिरामुळे तशीही कोलमडली होती, म्हणजे ज्या पंचवीस मिनिटांसाठी ते इंधन भरलं होतं ती पंचवीस मिनिटं आता उरलीच नव्हती. ते काढलं असतं तर जळगावात दोनशे किलोंचा प्रश्न राहिला असता. दोन-तीन माणसं, किंवा पंधरा-सोळा बॅगा. तो प्रश्न लाउंजमध्ये चहाबरोबर सुटतो.

तळावर लक्ष गेलं नाही हे धरलं, तरी जळगावच्या स्टेशनकडे पाच तास होते. त्यांच्याकडे तक्ता होता, तापमान होतं, बुकिंगचा आकडा होता. 'हिशेब तळावर होतो' ही सवय आड आली. अकरा वाजता फोन करून प्रवाशांना विचारता आलं असतं : दुपारी वजनाची अडचण येईल असं दिसतंय, कोणी उद्या जाऊ शकेल का? घरी असलेला माणूस हो म्हणतो. चार तास विमानतळावर ताटकळल्यावर, सामान दिल्यावर, बोर्डिंग पास हातात आल्यावर तोच माणूस नाही म्हणतो. मामांसारखे लोक अकरा वाजताच भुसावळकडे वळले असते, आणि संध्याकाळी धावपळीत मिळालेल्या तिकिटापेक्षा बरं तिकीट त्यांना मिळालं असतं.

२.२० ला बोर्डिंग सुरू करणं हा मला सर्वांत न पटलेला निर्णय. वेळेचा दबाव मी समजू शकतो, उशीर झालेल्या विमानाला आणखी उशीर झाला की स्टेशनच्या नावावर लागतो. पण उन्हाळ्यात कॉकपिटमधून वजनाला होकार येईपर्यंत माणसं आत घालायची नाहीत, हा नियम साधा आहे. टर्मिनलमध्ये बसलेल्या माणसाला 'थांबा' सांगणं आणि तापलेल्या केबिनमधून त्याला खाली उतरवणं यात मोठा फरक आहे. आजींना आलेली भोवळ तिथली आहे.

अधिकाराचा मुद्दाही आहे. थांबणाऱ्याला किती द्यायचं, याची मर्यादा आखून ती रक्कम स्टेशनच्या हातात ठेवली असती तर पंचवीस मिनिटं वाचली असती. सक्तीनं थांबवलेल्या एका माणसाची भरपाई दहा हजारांपर्यंत जाते. त्याखालची कोणतीही रक्कम देऊन स्वेच्छेनं थांबणारा मिळत असेल तर कंपनीचा फायदाच आहे. हे गणित मुख्यालयाला ठाऊक असतं, पण त्याची चावी सुटत नाही.

बॅगांबद्दल 'उद्या नक्की' हे वाक्य बोलायला नको होतं. उद्याही मे महिनाच होता. 'उद्या जितक्या बसतील तितक्या, राहिलेल्या परवा' असं सांगितलं असतं तर काकांनी आपली बॅग मामांच्या सोबत गाडीनं पाठवली असती. मामा जाताना तिथंच उभे होते. सातपैकी काही बॅगा रस्त्यानं पाठवण्याचा विचारही दुसऱ्या दिवशी दुपारी झाला, पण एका दिवसासाठी टेम्पोचा खर्च कोण मंजूर करणार यावर तो अडला.

आणखी एक बाजू वेळापत्रकाची. लेहची प्रवासी उड्डाणं सकाळी लावतात ती काही उगाच नाही, उंचीवरची हवा आणि दुपारचे वारे यांच्यामुळे. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पारा ४८-४९ अंशांकडे गेला तेव्हा छोट्या जेट विमानांची चाळीसहून अधिक उड्डाणं रद्द झाली, कारण त्या विमानांचे तक्तेच सुमारे ४८ अंशांवर संपत होते. जळगावचं विमान सकाळी साडेदहाला ठेवण्यामागे कोणाचा असा विचार होता की मोठ्या शहरातला स्लॉट, म्हणजे तिथं उतरण्या-उडण्याची ठरवून दिलेली वेळ, तेवढाच मिळाला होता, हे कागदांतून कळत नाही. पण सकाळची वेळ कागदावर असून भागत नाही. ती चुकल्यावर काय करायचं, हेही त्याच कागदावर हवं.

प्रवाशांनी काय करावं हेही मला विचारतात. उन्हाळ्यात छोट्या विमानतळावरून निघताना औषधं, चार्जर, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. विमान सकाळचं असून दुपारवर गेलं तर काउंटरवर थेट विचारा, "वजनाची अडचण येईल का?" विचारलं की कोणीतरी तक्ता उघडतो. आणि बॅग मागे राहिली तर, ठाऊक असलं तरी, उतरल्यावर लेखी नोंद करा.

त्यानंतर

त्या कंपनीत अंतर्गत चौकशी झाली. शिक्षा कोणाला झाली नाही, ते योग्यच झालं. आता एप्रिल ते जून या काळात उशिराचा प्रत्येक संदेश नव्या वेळेच्या अपेक्षित तापमानासह जातो, आणि दोन तासांच्या वर उशीर असेल तर वजनाचा हिशेब पुन्हा करणं बंधनकारक आहे. स्टेशनला रोख रकमेची मर्यादा मिळाली, मागितली होती त्याच्या निम्मी. बोर्डिंगआधी कॉकपिटचा होकार घ्यायचा, हे जळगावनं स्वतःहून सुरू केलं. पुढच्या फेरीचं इंधन आधीच भरून ठेवण्याचा निर्णय अजूनही मुख्यालयातला इंधन विभागच घेतो, कारण त्यातून वाचलेली मिनिटं त्यांच्या खात्यावर दिसतात आणि मागे राहिलेल्या बॅगा दुसऱ्याच्या. फक्त उन्हाळ्यात त्या कागदावर आता स्टेशनची सही लागते. ड्यूटी ऑफिसरनं मला सांगितलं की पहिल्याच महिन्यात तिनं सही न करता दोन कागद परत पाठवले, आणि दोन्ही वेळा तळावरून फोन आला, "मॅडम, आजच का?" तिनं तापमान वाचून दाखवलं.